ब्रेक अचानक जात नाही
(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



घाटात एखादी जीप दरीत गेली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असतं. 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' वाचणाऱ्याला वाटतं, ब्रेक म्हणजे विजेच्या दिव्यासारखी चीज आहे. आत्ता होता, आत्ता गेला. घाटाच्या पायथ्याच्या गावात गॅरेज चालवताना आणि पुढे मुलांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवताना मी ज्या जीपगाड्या उघडल्या, त्यांनी मला वेगळंच सांगितलं. ब्रेक सहसा अचानक जात नाही. तो आठ-पंधरा दिवस आधीपासून सांगत असतो. पायाला सांगतो, कानाला सांगतो, नाकालासुद्धा सांगतो. ते ऐकायचं कसं, एवढंच आज आपल्याशी बोलायचं आहे.

मी बोलणार आहे ते जीपच्या जातीच्या गाड्यांबद्दल, म्हणजे डांबरी रस्ता संपला तरी ज्यांचं काम संपत नाही अशा गाड्यांबद्दल. या गाड्यांचा आणि आपला संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. पुढे तिची कितीतरी रूपं निघाली आणि ती वनखात्यात गेली, पाटबंधारे खात्यात गेली, उसाच्या फडात गेली. पश्चिम महाराष्ट्रात तिचं वडाप झालं, मराठवाडा-विदर्भात ती काळी-पिवळी झाली. आज हौशी मंडळी तिच्यात बसून पावसाळ्यात चिखल तुडवायला जातात. पण ज्या पाड्यावर एसटी जात नाही, तिथे आजारी माणसाला खाली आणायला अजूनही अशीच एखादी गाडी लागते. म्हणून तिच्या ब्रेकचा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

आधी ब्रेक चालतो कसा ते थोडक्यात पाहू. पायाखालच्या पेडलने मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो. त्याच्यापुढे तेल असतं. ते दाबलं जात नाही, म्हणून तो दाब बारीक नळ्यांतून जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत पोचतो. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलेला हा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. चाकापाशी दोन तऱ्हा असतात. जुन्या तऱ्हेत चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडी ड्रम असतो आणि आतून दोन शू पसरून त्याला घासतात. नव्या तऱ्हेत फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, तो डिस्क ब्रेक. महायुद्धातल्या जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम होते. २०१० साली आलेल्या थारला पुढे डिस्क आणि मागे ड्रम होते. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. पुढे दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला आणि एक मार्ग गेला तरी दुसरा उरू लागला.

आता रानातल्या गाडीचं वेगळेपण काय? शहरातल्या गाडीचा ब्रेक झिजतो. रानातल्या गाडीचा ब्रेक झिजतो, बुडतो, चिखलाने भरतो, दगडाने ठेचला जातो आणि घाटात भाजलाही जातो. त्यामुळे इथे 'लायनर बदला' हे एकच औषध चालत नाही. आधी रोग ओळखावा लागतो.

निदानाची सुरुवात पेडलपासून करावी. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि पाय पेडलवर ठेवा. बिघडलेलं पेडल साधारण चार प्रकारे बोलतं.

पहिला प्रकार, पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. याचा अर्थ तेलात हवा शिरली आहे. तेल दबत नाही, पण हवा दबते. तुमच्या पायाचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होतो. उपाय म्हणजे हवा काढणे. साधारण रीत अशी की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने बहुधा मागचं डावं आधी, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पण हवा काढून काम संपत नाही. ती आत शिरली कुठून, हा प्रश्न उरतोच. तेलाची बाटली रिकामी पडली होती का? एखादा जोड सैल आहे का? हे न शोधता गाडी सोडली तर ती चार दिवसांनी परत येते.

दुसरा प्रकार, पहिल्या दाबाला पेडल खूप खाली जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येऊन टणक लागतं. इथे बहुतेक वेळा शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. चाक उचलून, अॅडजस्टर फिरवून, चाक जेमतेम घासेल इतपत शू पसरवायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात फरक असा की हवा असेल तर पेडल पंप करून वर आलं तरी पायाखाली लवचिक लागतं. अंतर वाढलेलं असेल तर दुसऱ्या दाबाला ते दगडासारखं होतं. हा फरक पायाला कळायला शिकाऊ पोराला आठ दिवस लागतात, पण मग तो जन्मभर विसरत नाही.

तिसरा प्रकार फसवा. पेडल आधी छान वर लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला तर हळूहळू खाली खाली जात राहतं. सिग्नलला थांबलेल्या चालकाला हे चटकन जाणवतं. आता तेलाची बाटली पाहा. तेल कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजू पाहा, रबरी नळ्या पाहा, अॅक्सलवरून गेलेल्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवा. तेल कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबरी वॉशर झिजला आहे आणि तेल आतल्या आतच मागे येत आहे. आणि तेल कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही, चाकं कोरडी, असं असेल तर? तर ते मास्टर सिलिंडरच्या मागून बूस्टरमध्ये झिरपत असण्याची शक्यता मोठी. नुसतं वरून तेल भरत राहणारे लोक यातच फसतात.

चौथा प्रकार, पेडल कडक, पण गाडी थांबत नाही. इथे पहिला संशय बूस्टरवर घ्यावा. त्याची परीक्षा अगदी सोपी, अवजार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पाय थोडा खाली गेला तर बूस्टर काम करतो आहे. जागचा हलला नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा व्हॅक्यूम पंप यांच्यात दोष आहे. डिझेल गाडीत हा पंप पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो, त्यामुळे विजेचं काम करणाऱ्याने अल्टरनेटर उघडल्यानंतर ब्रेक जड झाला, असंही घडतं. बूस्टर ठीक निघाला, तर लायनर उष्णतेने चकाकून काचेसारखे झाले आहेत का, ते पाहावं.

पेडलचं झालं, आता चाकांकडे वळू. इथे खरी कसोटी लागते ती जाम झालेल्या ब्रेकच्या वेळी. गाडी ओढत नाही, डिझेल जास्त पितं, थांबल्यावर एका चाकापाशी करपट वास येतो. त्या चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, धग जवळूनच कळते. ते चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवून पाहा. फिरत नसेल तर पुढचा क्रम लक्षात ठेवा. मास्टर सिलिंडरवरचा नळीचा जोड किंचित सैल करा. चाक सुटलं, तर दाब तिथे अडकला होता. पेडलला मोकळी चाल नाही किंवा सिलिंडरचं परतीचं भोक बुजलं आहे. सुटलं नाही, तर तो जोड कसून चाकाचं हवा काढायचं निपल सैल करा. आता तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब वाटेत अडकला होता, म्हणजे रबरी नळी आतून सुजून बंद झाली आहे. ती बाहेरून अगदी नवी दिसते, म्हणून कोणी तिच्यावर संशय घेत नाही. आणि निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर दोष तेलाचा नाहीच. शू अडकला आहे, स्प्रिंग तुटली आहे, व्हील सिलिंडरचा दट्ट्या गंजला आहे किंवा हँडब्रेकची केबल चिखलाने धरली आहे. दोन जोड सैल केले की एवढं कळतं. नंतर हवा मात्र काढावी लागते आणि अंगावर सांडलेलं तेल पाण्याने धुवावं लागतं, कारण ब्रेकचं तेल गाडीचा रंग खातं.

आता एक प्रसंग सांगतो. एक भाड्याची जीप होती. डोंगरातल्या पाड्यांवरून बाळंतिणींना आणि आजाऱ्यांना खाली दवाखान्यात आणायचं काम ती करायची. तिचा चालक माझ्याकडे आला तो वैतागून. म्हणाला, "मास्तर, जोरात ब्रेक दाबला की गाडी शेपूट उजवी-डावी फेकते. एका पावसाळ्यात तीनदा मागचे लायनर बदलले. पैसे गेले, आता माझी झोप पण गेली. मागे बाई कळा देत असते आणि पुढे उतार असतो. ब्रेकवर पाय ठेवायची भीती वाटते." तीन ठिकाणी काम करून झालं होतं आणि तिन्ही ठिकाणी काम बरोबरच झालं होतं. मागच्या डाव्या चाकात डिफरन्शिअलचं तेल येऊन लायनर भिजायचे. प्रत्येकाने लायनर बदलले, तेल अडवणारी सीलही नवी घातली. तरी महिन्याभरात तेल हजर.

मी चालकाला म्हटलं, "दादा, आधी गाडी दहा किलोमीटर फिरवून आणा." तो आल्यावर मागच्या अॅक्सलमध्ये तेल भरायचं बूच हळूच सैल केलं, तर फुस्स करून हवा बाहेर आली. अॅक्सलच्या वर एक छोटं नाक असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. आतलं तेल तापलं की फुगलेली हवा तिथून बाहेर जाते. ते नाक चिखलाने गच्च बुजलं होतं. मग हवेला वाट कुठली? ती तेलाला ढकलत सीलमधून ड्रममध्ये पाठवत होती. आपल्याकडचे रस्ते डाव्या कडेला उतरते, त्यामुळे तेलाचा ओघ डाव्या चाकाकडे. आणि उलटंही व्हायचं. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसायची आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जायचं. तेल दुधाळ झालं होतं, ते त्यामुळेच. तारेने ब्रीदर साफ केला आणि त्याला एक रबरी नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या वर राहील असं सांगाड्याला बांधलं. तेल, सील, लायनर आणखी एकदा बदलले. त्यानंतर ते चाक पुन्हा भिजलं नाही.

हा प्रसंग मी वर्गात सांगायचो, तो ब्रीदरसाठी नव्हे. बिघडलेला भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो भाग का बिघडला हे सापडलं की दुरुस्ती. तीन वेळा लायनर बदलणाऱ्यांनी ब्रेक पाहिला. ब्रेक मात्र अॅक्सलबद्दल तक्रार करत होता.

गाडी एका बाजूला ओढते, त्याचंही असंच. तेलाने भिजलेलं चाक कमी धरतं, म्हणून गाडी बहुधा विरुद्ध बाजूला जाते. म्हणजे गाडी उजवीकडे ओढत असेल तर दोष डाव्या चाकात शोधायचा. अर्थात टायरमधली हवा आधी पाहावी. अर्ध्या तासाची उघडझाप कधी कधी हवेच्या एका मापात वाचते. चाकाच्या बेअरिंगला खेळ आला असेल तर डिस्कवाल्या चाकात पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जातं. तेव्हा चाक वर-खाली धरून हलवून पाहायची सवय ठेवावी. हौशी लोक मोठे टायर बसवतात. टायर मोठा झाला की त्याला रोखायला ब्रेकला जास्त जोर लागतो, हे लक्षात ठेवावं. गाडी उंच केली तर चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावं.

आता ब्रेक ऑइलबद्दल. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. कोकणासारख्या दमट हवेत तर अधिकच. कोरडं डॉट ३ तेल निदान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ती मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावं, मग गाडी फार चालली असो वा नसो. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. आणि गरजेपोटी इंजिन ऑइल किंवा डिझेल तर कधीच ओतू नये. त्याने सगळे रबरी वॉशर सुजतात, आधी ब्रेक जाम होतात आणि मग जातात. वॉशर धुवायचेसुद्धा ब्रेक ऑइलनेच, पेट्रोलने नव्हे.

या आकड्यांचं महत्त्व घाटात कळतं. माणसांसह दीड टन वजनाची गाडी सहाशे मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या उष्णतेने सुमारे २८ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ही सगळी आग जर चार ड्रमांत कोंडली तर काय होईल? दोन गोष्टी होतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. लायनर तापून पकड सोडतात, तेव्हा पेडल टणक असतं पण गाडी थांबत नाही, आणि करपट वास येतो. तेल उकळतं, तेव्हा त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ होऊन तळाला जातं. 'ब्रेक अचानक गेला' असं जे म्हणतात, ते पुष्कळदा हे असतं. पण तो वास किती वळणं आधीपासून येत होता, हे कोणी सांगत नाही.

म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिनाला गाडी अडवू द्यावी आणि ब्रेक राखून ठेवावा. कच्च्या तीव्र उतारावर फोर बाय फोरचा लो गिअर त्यासाठीच आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून, आणि काही महाभाग तर इंजिन बंद करून, घाट उतरतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम पंप बंद. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-चार वेळा पेडल हलकं लागतं, मग संपलं. वाचलेलं डिझेल किती, आणि पणाला लागलेली माणसं किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ब्रेक तापलेच तर गाडी बाजूला घेऊन थांबावं. ड्रमवर गार पाणी ओतू नये, ओतीव लोखंड तडकू शकतं. चाकाला दगड लावावा आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाकावा. आपल्या मागून रात्री दुचाकीवाला येणार असतो.

ओढा ओलांडल्यावर पहिली पन्नास-शंभर पावलं पाय हलकेच पेडलवर ठेवून गाडी चालवा, म्हणजे शू सुकतात. चिखलातून आल्यावर ड्रम उघडून पाण्याने धुवा. आतली धूळ फुंकर मारून उडवू नका; जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. नव्या गाड्यांत आता एबीएस आहे. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना ते सक्तीचं झालं आणि डांबरी ओल्या रस्त्यावर त्याचा फायदा मोठा आहे. पण मोकळ्या खडीवर त्याने गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. शिवाय संगणक बुजलेला ब्रीदर दाखवत नाही, सुजलेली नळी दाखवत नाही. तिथे अजूनही माणसाचा पाय, नाक आणि बोटंच लागतात.

शेवटी जे श्रोते गाडी चालवत नाहीत, फक्त मागे बसतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याला करपट वास आला, चालक पेडल पुन्हा पुन्हा दाबताना दिसला, उतारावर न्यूट्रल पडल्याचं जाणवलं, तर गप्प बसू नका. "दादा, जरा थांबूया, चहा घेऊ," एवढं म्हणायला मेकॅनिक असावं लागत नाही. थांबलं की ब्रेक निवतात. उशिरा पोचलेल्या माणसाची वाट पाहणारे घरी असतातच, आणि त्यांना तो उशिरा का होईना, पण आलेला हवा असतो.